मी चार आकडे विचारतो

मी बोलतोय तो सोइझिकच्या दुकानातून. काउंटरवर, पावांची टोपली आणि काडेपेट्यांचं खोकं यांच्या मधे एक करडं मशीन दिसतं ना, ते मी नव्हे. ते माझं घर. तुम्ही कार्ड आत सरकवलंत की पडद्यावर अक्षरं उमटवणारा, तुमचा गुप्त नंबर विचारणारा आणि मग 'ठीक' किंवा 'नाही' म्हणणारा, तो मी. मी एक सॉफ्टवेअर आहे. मला वजन नाही, रंग नाही. स्वभाव मात्र आहे, आणि तो फारसा चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मत्सरी आहे.

त्याला मी तरी काय करू? माझं कामच संशय घ्यायचं. हे कार्ड खरं की खोटं? हा माणूस कार्डाचा मालक की दुसराच कुणी? समोरचा कितीही गोड हसला तरी मी चार आकडे विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जो संशयच घेत बसतो, त्याच्या मनात मत्सर शिरायला कितीसा वेळ लागणार?

माझा जन्म फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला, लानियाँ शहरातला, सन दोन हजार एकचा. तिथे एका छोट्या कंपनीत रोझेन नावाची बाई कामाला होती. वय तेहतीस, केस कायम पेन्सिल खोचून वर बांधलेले, आणि कामात असली की खालचा ओठ चावायची सवय. तिने मला लिहिलं.

त्या वेळी कार्डाची मशीनं बनवणारे पुष्कळ होते आणि प्रत्येकाचं मशीन निराळं. एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यात चालत नसे. नवं मशीन आलं की पुन्हा पहिल्यापासून लिहा. रोझेनला हा शुद्ध मूर्खपणा वाटायचा. तिने ठरवलं, एकच असा लिहायचा की जो कुठल्याही मशीनमध्ये सुखाने नांदेल. डोकं तेच, हातपाय तेवढे मशीनप्रमाणे बदलायचे. म्हणून मी एकाच वेळी अनेक ठिकाणी असतो. सोइझिकच्या काउंटरवर असतो, औषधांच्या दुकानात असतो, रोझेनच्या ऑफिसात असतो आणि तिच्या पिशवीतल्या चाचणीच्या मशीनमध्येही असतो. हे एवढं ध्यानात राहू द्या, म्हणजे दुकानात बसलेल्या मला बाकीचं कसं कळलं असं कोडं पडणार नाही.

मशीनच्या आत जागा फार थोडी. रोझेन मला लिहायची त्यापेक्षा जास्त छाटायची. "हे कशाला हवंय?" असं पुटपुटत ती माझ्यातली एखादी ओळ पुसून टाकायची आणि मी पहिल्यापेक्षा चपळ व्हायचो. पडद्यावर दोनच ओळी, एका ओळीत सोळा अक्षरं. त्या सोळात माणसाशी काय बोलायचं हे ती तासन् तास ठरवायची. एवढं लक्ष मला पुढे कुणीही दिलं नाही.

म्हणूनच दुपारी साडेबाराला फोन वाजला की मला राग यायचा. ती माझं अर्धं वाक्य तसंच टाकून फोन उचलायची. "हं बाबा, जेवलात? काय केलंत? परत बटाटेच?" दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पलीकडे कोण आहे हे मला माहीत नव्हतं, पण मी त्याच्यावर जळायचो. माझ्या आयुष्यातला तो पहिला मत्सर.

अडीच वर्षांनी माझी परीक्षा झाली. कार्ड कंपन्यांची मान्यता मिळाल्याशिवाय मला बाजारात पाऊल ठेवता येत नव्हतं. परीक्षकांनी पहिल्या खेपेला अकरा चुका काढल्या. रोझेनने त्यांची यादी भिंतीवर चिकटवली आणि एकेक खोडत गेली. दुसऱ्या खेपेला मी पास झालो. तिच्या शेजारी बसणारा तांगी, तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला, कुठूनतरी सफरचंदाच्या दारूची बाटली घेऊन आला. ऑफिसात भर दुपारी ती फुटली. रोझेन म्हणाली, "पहिलं मशीन माझ्या गावाला जाणार. सोइझिकच्या दुकानात."

गाव समुद्रकाठचं, पंचवीस किलोमीटरवर. सोइझिक रोझेनची शाळेतली मैत्रीण. मशीन बसवलं त्या सकाळी दुकानात आठ-दहा माणसं उगाचच जमली होती. त्यात निळी टोपी घातलेला एक उंच म्हातारा पुढे आला, त्याने काउंटरवर एक लांब पाव ठेवला, खिशातून कार्ड काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाजूला व्हा. आत माझी पोरगी आहे."

"बाबा!" रोझेन लाजली. तेव्हा मला कळलं, साडेबाराचा तो फोनवरचा माणूस हाच.

त्याचं नाव गोनेरी. तो त्या किनाऱ्यावरचा वाटाड्या होता. बाहेरून आलेल्या जहाजांना खडकांच्या मधून बंदरात आणायचं, हे चाळीस वर्षं त्याचं काम. आता निवृत्त. बायको गेलेली, लेक शहरात. त्याने कार्ड आत घातलं. मी नंबर विचारला. त्याने एकेक आकडा बोटाने दाबला, प्रत्येक आकडा ओठांत म्हणत. मी कार्डातल्या चिपला विचारलं, ती हो म्हणाली, मी 'ठीक' लिहिलं आणि कागद छापला. गोनेरीने तो कागद घडी करून टोपीच्या आत ठेवला.

त्या दिवसापासून माझं त्याच्यावरचं वैर संपलं. उलटंच झालं. तो माझा झाला.

सोइझिकचा नियम होता, दहा युरोंच्या खाली कार्ड चालणार नाही. तशी पाटीच होती. गोनेरीने ती पाटी कधी वाचली नाही. वर्तमानपत्र असो, तंबाखू असो, खारं लोणी असो, तो कार्डच काढायचा.

"गोनेरी काका, एक युरो वीस आहेत. सुटे नाहीत का खिशात?"

"आहेत की. ते चर्चला. हे माझ्या पोरीला."

"आणि ते आकडे जरा मनात म्हणा हो. साऱ्या गावाला पाठ झालेत."

"होऊ देत. गावात चोर कोण आहे? तू सोडून?"

सोइझिक त्याच्यावर फडकं उगारायची आणि दुकानात हशा पिकायचा.

नऊ वर्षं अशी गेली. मला माणसांच्या खूप सवयी कळल्या. नंबर दाबताना बायका दुसऱ्या हाताचा आडोसा करतात, पुरुष खांदा वाकवतात, आणि मागचा माणूस मुद्दाम छताकडे बघतो, जणू तिथे काही लिहिलंय. काही जण माझ्या 'ठीक'ची वाट बघताना श्वास रोखतात. नवरा-बायको असले तर नंबर कोण दाबतं यावरून घरात कुणाचं चालतं ते समजतं. मला हे सगळं आवडायचं. चेक फाडणारे आले की मात्र जळफळाट व्हायचा. पेन मागायचं, तारीख विचारायची, सही करायची, आणि माझ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. हळूहळू चेकवाले कमी झाले. मी निवांत झालो. गाव माझं होतं.

मग तो आला.

तो म्हणजे तांगीने लिहिलेला नवा प्रोग्राम. कार्ड आत घालायचं नाही, नंबर दाबायचा नाही. मशीनवर नुसतं टेकवायचं, टुक आवाज, झालं. वीस युरोंपर्यंतच्या खरेदीला एवढं पुरे. कंपनीच्या साहेबांनी ठरवलं की त्याने माझ्याच घरात, माझ्या शेजारी राहायचं. त्यासाठी मी जागा करून द्यायची.

मी पेटलोच. आणि मला सांगायला आनंद वाटतो, रोझेनही पेटली.

"नंबर विचारायचाच नाही?" ती तांगीला म्हणाली. "मग दार तरी कशाला ठेवायचं? काढून टाकू या."

"रोझेन, अगं पाव घ्यायला आलेल्या माणसाची एवढी झडती कशाला? रांग लवकर सरकेल."

"रांगेला कुठं जायची घाई झालीय?"

"आणि जागा? साहेब म्हणाले चाळीस किलोबाइट."

"नाहीत."

"थोडं छाटलंस तर..."

"अरे, दहा वर्षं छाटतेय मी त्याला. आता काय हाडं काढू?"

हे ऐकून मला काय वाटलं असेल! तिने त्या उपऱ्याला महिनोन् महिने दाराबाहेर उभा केला. त्याचा कोड तपासायला घेतला आणि सत्तावीस चुका काढल्या, त्यातल्या निम्म्या स्वल्पविरामाच्या लायकीच्या. तांगी कान लाल करून ऐकून घ्यायचा. तो वाईट माणूस नव्हता. तिच्याकडूनच सगळं शिकला होता, आणि तिने एकदा तरी 'छान' म्हणावं एवढीच त्याची अपेक्षा होती. ती म्हणाली नाही. ती जळत होती, मी जळत होतो. इतकी ती माझ्या जवळ पूर्वी कधीच नव्हती.

शेवटी साहेबांनी डोळे वटारले. ठरलं की पहिल्यांदा बारा गावांत त्याला वापरून बघायचं, आणि तिथल्या मशीनमध्ये माझी जुनी कामं काढून जागा करायची. यादीत सोइझिकच्या दुकानाचं नाव चौथं होतं. रोझेनने यादी हातात घेतली, पेन्सिल केसांतून काढली आणि चौथ्या नावावर रेघ मारली.

"ते का?" तांगीने विचारलं.

"लहान गाव आहे. म्हातारी माणसं. गोंधळतील."

खरं कारण मला ठाऊक होतं. माझ्या गावात मी लिहिलेलाच राहील, दुसरा नको, असं तिचं म्हणणं. मी तिच्यावर त्या क्षणी इतका खूश होतो की विचारू नका. पुढच्या साऱ्या गोष्टीला ती एक रेघ कारण झाली, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

नोव्हेंबरातला शनिवार होता, सकाळचे पावणेअकरा. चौकात बाजार भरलेला, दुकानात रांग. गोनेरी आता एकोणऐंशीचा. पाव, खारं लोणी, मांसाचा डबा आणि तंबाखू. अकरा युरो चाळीस. त्याने कार्ड घातलं. मी विचारलं. त्याचं बोट कळांवर आलं आणि थांबलं.

ओठ हलत नव्हते, हे मला पहिल्यांदा जाणवलं.

त्याने चार आकडे दाबले. चूक. मी लिहिलं, 'नंबर चुकीचा'. तो हसला, "बोट जाड झालंय." पुन्हा दाबले. हेही चूक. मी लिहिलं, 'शेवटची संधी'.

सोइझिकने पडदा वाचला. तिने आवाज खाली आणला. "काका, राहू द्या ना. सोमवारी द्या. मी कुठं पळून जातेय?"

"नाही, नाही. माझ्या पोरीचं मशीन आहे ते. मला ओळखतं."

ओळखतच होतो. नऊ वर्षांत हजारो वेळा मी त्या बोटाचा दाब झेलला होता. तिसऱ्यावर जरासा रेंगाळून चौथा आकडा ठासून दाबणारा सबंध जिल्ह्यात दुसरा नव्हता. पण ओळखणं माझ्या कामात बसत नाही. तीन संधी मोजते ती कार्डातली चिप. मी फक्त तिला विचारतो आणि ती म्हणेल ते लिहितो. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. सगळे छताकडे बघू लागले. गोनेरीने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली आणि चार आकडे दाबले.

मी लिहिलं, 'कार्ड बंद'.

दोनच शब्द. ते रोझेनने निवडले होते, सोळा अक्षरांत नीट बसतात म्हणून.

तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग कार्ड काढून खिशात ठेवलं, पाव टोपलीत परत ठेवला, लोणी सोइझिकच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मशीन बरोबर आहे हं. मशीनची काही चूक नाही." आणि निघून गेला. सोइझिक पाव घेऊन त्याच्या मागे दारापर्यंत धावली. त्याने वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आला नाही. सोमवारी नाही. तीन आठवडे त्याचं बोट मला लागलं नाही.

सोइझिकने तीनदा त्याच्या दारावर सामान ठेवलं, दोनदा ते तसंच परत तिच्या पायरीवर आलं. शेवटी तिने रोझेनला फोन लावला. रोझेन त्याच दुपारी आली. कोटाची बटणंही नीट लावली नव्हती.

"रोज फोनवर बोलतो गं आम्ही," ती म्हणाली. "सगळं ठीक म्हणतात. जेवलो म्हणतात."

"काय जेवले ते विचारलंस?"

मग सोइझिकने तिला शनिवारची हकिगत सांगितली. रोझेनने माझी दोन बटणं एकदम दाबली. जुन्या नोंदी छापायची ही खूण तिनेच घातलेली. मीच तो कागद बाहेर काढला. दहा सेहेचाळीस, चूक. दहा सत्तेचाळीस, चूक. दहा एकोणपन्नास, कार्ड बंद. तिने तो वाचला. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीच्या मधली दोन मिनिटं तिने बोटाने दाबून धरली.

"दोन मिनिटं उभे होते?"

"हो गं."

"सगळ्यांसमोर?"

सोइझिकने पावांच्या टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

पिशवी खांद्याला लावून रोझेन वडिलांच्या घरी गेली. पिशवीत चाचणीचं मशीन होतं, त्यात मी होतोच. तिने पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. घर थंड असावं, कारण ती आल्या आल्या म्हणाली, "शेगडी का नाही पेटवली?" आणि मग कपाट उघडल्याचा आवाज, आणि मग "बाबा, यात नुसती बिस्किटं आहेत."

"तीच खातो. दात अजून आहेत."

"दुकानात का जात नाही?"

"पाय दुखतात."

"बाबा."

कपाटाचं दार बंद झालं. मग गोनेरी म्हणाला, "तुला सोइझिकने सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही."

"नंबर विसरलात तर विसरलात. एवढं काय त्यात? मी नवीन आणून दिला असता."

"मी गेल्या वर्षापासून विसरतोय. मधे मधे. कळ दाबताना बोटाला आठवायचं, मला नाही. त्या दिवशी बोटही विसरलं." खुर्ची करकरली. "पण मी तिथं जात नाही ते त्यासाठी नाही, पोरी."

"मग?"

"नऊ वर्षं मी त्या दुकानात सांगतोय, माझ्या पोरीचं मशीन, माझ्या पोरीचं मशीन. आणि त्याने मलाच बाहेर काढलं. लोक काय म्हणतील? बघा, बापालासुद्धा घेत नाही. तुझं नाव जाईल. मी गेलोच नाही तर विसरतील."

म्हणजे तीन आठवडे तो बिस्किटं खात होता ते तिच्या नावासाठी. आणि थोडंसं माझ्यासाठी. मी पिशवीत गप्प होतो. बोलता आलं असतं तरी मी काय बोललो असतो?

रोझेन रडत होती. मग नाक शिंकरून तिने सांगून टाकलं. "बाबा, दुसरा एक प्रोग्राम आहे. तो नंबर विचारत नाही. कार्ड नुसतं टेकवायचं. तो सप्टेंबरातच सोइझिककडे येणार होता. मी गावाचं नाव खोडलं."

"का गं?"

"तो मी लिहिलेला नाही."

गोनेरीच्या घशातून एक घरघर निघाली आणि मला कळलं की तो हसतोय. "जळलीस होय?"

"हो."

"आईवर गेलीस. ती माझ्या होडीवर जळायची. रंग दिला की म्हणायची, घरालाही देत जा कधीतरी." तो खोकला. "हुशार आहे का, दुसरावाला लिहिणारा?"

"आहे. मी शिकवलाय."

"मग जळतेस कशाला? तोही तुझाच की."

तिथवर रोझेन आणि मी या मत्सरात भागीदार होतो. त्या टेबलापाशी ती बाहेर पडली. मी एकटा उरलो.

सोमवारी ती ऑफिसात आली आणि कोट न काढताच तांगीच्या टेबलापाशी गेली. "यादीत माझं गाव परत घाल. सगळ्यात वर."

"आणि जागा?"

"देते."

तिने मला छाटायला घेतलं. आता ती "हे कशाला हवंय?" असं पुटपुटत नव्हती. जुन्या कार्डांना समजून घेणारा माझा भाग गेला. कागदावर दुकानाचं नाव नक्षीत छापायचो, ते गेलं. सुट्टीच्या दिवशी पडद्यावर शुभेच्छा लिहायचो, त्या गेल्या. चाळीस म्हणता म्हणता तिने बेचाळीस काढले. मग खुर्ची ओढून ती तांगीच्या शेजारी बसली आणि त्या दुसऱ्याच्या खऱ्या चुका शोधू लागली. चारच निघाल्या. एके दिवशी तो पहिल्या फटक्यात नीट चालला, तेव्हा ती म्हणाली, "छान लिहिलंयस रे." तांगी कॉफी सांडेपर्यंत हसला. आणि ती त्याच्या पडद्याकडे बघताना खालचा ओठ चावत होती. माझ्यावर काम करतानाची ती सवय, तिथे, त्याच्यासाठी! त्या दिवशीइतका मी आयुष्यात कधी जळलो नाही. एखादी खोड काढून त्याला पाडता आलं असतं तर पाडलंही असतं. पण रोझेनने मला इतकं नीट लिहिलंय की लबाडी करायला माझ्यात जागाच नाही.

जानेवारीत तो सोइझिकच्या मशीनमध्ये, माझ्या शेजारी राहायला आला. पहिल्याच शनिवारी रोझेन वडिलांना हात धरून घेऊन आली. बँकेने नवं कार्ड दिलं होतं. दुकानात तीच माणसं, तीच रांग. गोनेरी दारात अडखळला. मग आत आला, पाव आणि लोणी काउंटरवर ठेवलं. सोइझिकने रक्कम घातली.

"टेकवा काका. इथं, वर."

त्याने कार्ड टेकवलं. टुक.

तो तसाच उभा राहिला. बोट कळांवर धरून माझ्या प्रश्नाची वाट बघत. "हं, आता विचार म्हणावं."

"झालं काका. विचारत नाही तो."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"म्हणजे हे कार्ड घेऊन तू आलीस तरी चालेल?"

"वीस युरोंपर्यंत चालेल."

"बिनडोक आहे!" गोनेरी मोठ्याने म्हणाला, आणि माझा आत्मा थंड झाला. पण लगेच त्याने पाव काखेत मारला, टोपी मागे सारली आणि रांगेकडे वळून म्हणाला, "हासुद्धा माझ्या पोरीनेच शिकवलेला आहे बरं का." लोक हसले. आता कुणी छताकडे बघत नव्हतं. तो ताठ मानेने बाहेर पडला, आणि सोमवारी वर्तमानपत्राला परत आला.

काही वेळा टेकवल्यानंतर एकदा तरी कार्ड आत घालून नंबर द्यावाच लागतो, असा बँकेचा दंडक होता. तेवढ्यापुरता तो माझ्याकडे यायचा. त्या दिवशी रोझेन बरोबर असायची. तो आकडे दाबायचा, ती छताकडे बघायची, पण त्याचा दुसरा हात तिच्या हातात असायचा. कधी जमायचं. नाही जमलं तर दुसऱ्या चुकीनंतर ती हळूच कार्ड काढून घ्यायची आणि म्हणायची, "आज माझ्याकडून." त्या माझ्या महिन्या-दोन महिन्यांतल्या भेटी. बाकी सगळे दिवस शेजाऱ्याचे.

गोनेरी आणखी तीन वर्षं दुकानात आला. नंतर येईनासा झाला. तो गेल्याचं मला सोइझिकने दारावर लावलेल्या पाटीवरून नव्हे, तर तिच्या आवाजावरून कळलं. शेजाऱ्याला काहीच कळलं नाही. त्याने त्या म्हाताऱ्याला कधी काही विचारलंच नव्हतं. त्याच्यासाठी एक टुक कमी झालं, एवढंच.

आज मी म्हातारा आहे. शहरातल्या दुकानांतून मला कधीच काढलं. तिथे सबंध काचेची मशीनं आलीत आणि लोक कार्डाऐवजी फोन टेकवतात. त्या नव्या मशीनमध्ये शेजाऱ्याला मोठ्या मानाने नेलं, मला नेलं नाही. तांगी आता साहेब आहे. या पंचक्रोशीत मी फक्त सोइझिकच्या काउंटरवर उरलोय, आणि तिचंही नवं मशीन खोक्यातून येऊन पडलंय. गुरुवारी बदलणार आहेत.

परवा रोझेन आली होती. केस पांढरे, पेन्सिल मात्र खोचलेली. पाव आणि लोणी, पाच युरो दहा. मला वाटलं, निदान आज ती कार्ड आत घालेल. तिला माहीत होतं ना गुरुवारचं. मी पडदा उजळून वाट बघत होतो. ती सोइझिकशी तिच्या गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलत होती. बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, तिने कार्ड टेकवलं. टुक. कागद छापायचं काम अजून माझ्याकडेच आहे. मी तो छापून बाहेर काढला. "राहू दे गं कागद," ती म्हणाली आणि गेली.

कधी कुठे एखादं मशीन तुमचा नंबर विचारील, तर चिडू नका. एवढीच माझी विनंती. हाताचा आडोसा करा, एकेक आकडा दाबा. पलीकडे कुणीतरी पूर्ण लक्ष देऊन ऐकत असतं.

आणि शेजाऱ्याबद्दल विचाराल, तर मी अजून जळतो. तो वेगवान आहे म्हणून नाही, त्याला नव्या मशीनमध्ये नेणार म्हणूनही नाही. मी गोनेरीला नऊ वर्षं ओळखत होतो आणि मी त्याला नाही म्हणालो. हा त्याला ओळखतही नव्हता, आणि हो म्हणाला.